जिजींची नात दारूचा केक करते म्हणे!

बातमी मला दूधवाल्याने दिली. आमच्या कॉलनीत बातमी आधी दूधवाल्याकडे येते, मग नळाला पाणी येतं. माप ओतता ओतता तो म्हणाला, "काकू, जिजींच्या नातीने दारूचा केक केला. मास्तरांना चढली म्हणे."

मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण गल्ली अजून त्यांच्याच वर्गात बसते. गळ्यात माळ, चहासुद्धा दिवसातून दोनदाच. त्यांना चढली म्हटल्यावर मी दूध तसंच ओट्यावर ठेवलं आणि भिंतीकडे निघाले. गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते, ऊन वर यायच्या आत घातले नाहीत तर ते नीट पसरत नाहीत, हे सगळं मला कळतं. पण काही कामं थांबतात, काही थांबत नाहीत.

आमच्या आणि जिजींच्या घरामध्ये साडेचार फुटांची भिंत आहे. माझ्या बाजूचं सिमेंट कोपर टेकवून टेकवून गुळगुळीत झालंय. जिजींच्या बाजूला एक उपडी बादली कायमची ठेवलेली असते, कारण त्यांची उंची भिंतीला पुरत नाही. मी "जिजी!" म्हणून हाक मारली की आधी बादलीचा आवाज येतो, मग डोक्यावरचा पदर दिसतो, आणि मग जिजी.

"काय ऐकते मी, जिजी?"

"मास्तरले सांग, मनी नात दारू पेस का? काय बी सांगस तो!"

जिजी रागावल्या की मराठी सुटते आणि अहिराणी बाहेर येते. म्हणजे प्रकरण गंभीर. मी पाणी प्या म्हटलं, त्यांनी सुपारी काढली, आणि मग सगळं पहिल्यापासून निघालं. बातमीची खरी चव पहिल्यापासूनच असते.

जिजींच्या नातीला घरात बारकी म्हणतात. यंदा दहावीला होती. पेपर मार्चात संपले, निकालाला अजून अवकाश, आणि पोरगी दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून. आई एकदा ओरडली, "सुट्टीत काहीतरी हाताने कर!" तेव्हा बारकीने मोबाइल खाली न ठेवताच सांगितलं, की मी केक, बिस्किटं, पाव शिकणार. आईला वाटलं, एक आठवड्याचा नाद. पण सुरतच्या मामाने फोनवर ऐकलं आणि तो म्हणाला, माझ्याकडे ओव्हन पडून आहे, येऊन घेऊन जा.

झालं. आई, बाप, बारकी, तिचा धाकटा भाऊ आणि जिजी, अशी पाच माणसं एका ओव्हनसाठी पॅसेंजरने सुरतेला. आमच्या नंदुरबारकरांना सुरत कधी परगाव वाटलीच नाही. लग्नाचा बस्ता सुरतेला, मोठा डॉक्टर सुरतेला, रुसून गेलेला पोरगा सापडतो तोही सुरतेलाच. वाटेत नवापूर. तिथल्या फलाटावरचं ते बाकडं तुम्हाला माहीत असेलच, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. गाडी थांबली तशी दोन्ही पोरं उतरून पळाली. बारकी महाराष्ट्रात बसली, भाऊ गुजरातेत, आणि मधल्या रेघेवर फुटाण्यांची पुडी. आईने फोटो काढला. जिजी खिडकीतूनच म्हणाल्या, "आमच्या वेळेस ही रेघ नव्हती." खरंच नव्हती. १९६० च्या १ मेपर्यंत इकडचं तिकडचं सगळं एकच मुंबई राज्य होतं. जिजी तेव्हा आठ-दहा वर्षांच्या. राज्यं वेगळी झाली आणि स्टेशन आहे तिथेच राहिलं. आता म्हणे तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि स्टेशनमास्तर गुजरातेत बसतो. चार भाषांत पुकारा होतो, तरी गाडी उशिरा आली की चारही भाषांत तेवढीच उशिरा.

सुरतेत मामाने पोरांना नानकटाई खायला नेलं, आणि तिथे बारकीने एक गोष्ट ऐकली. ती तिने आल्या आल्या मला भिंतीवरून सांगितली, कारण तिच्या घरात कोणी ऐकून घेत नव्हतं. सुरतेत डचांची वखार होती. त्यांना पाव लागायचा, म्हणून भट्टी घातलेली. डच गेले आणि भट्टी त्यांच्या पारशी कारागिराकडे आली. फरामजी पेस्तनजी दोतीवाला त्यांचं नाव. ते दोतीवाला दुकान अजून आहे, १८६१ सालचं. पण सांगतात की त्या पावाच्या पिठात आंबवायला ताडी असायची, म्हणून गावचे लोक त्याला हात लावेनात. शिळा पाव वाळवून कडक केला तर मात्र खपायला लागला. पुढे ताडी नाही, अंडं नाही, नुसतं तूप-साखर-पीठ अशी बिस्किटं निघाली आणि तीच घरोघर गेली. "काकू, म्हणजे नानकटाई निघाली ती लोक दारूला घाबरले म्हणून," बारकी म्हणाली. तेव्हा मी हसले होते. हीच गोष्ट महिन्याभराने आमच्या गल्लीत घडायची होती, हे मला काय माहीत.

ओव्हन आला. पहिला केक मी डोळ्यांनी पाहिला, म्हणून सांगते. मोबाइलमधली बाई म्हणत होती, लोणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. अहो, त्या बाईची खोली कुठे आणि आमची कुठे! एप्रिलच्या शेवटी नंदुरबारात पारा त्रेचाळीसला. लोणी बाहेर ठेवून बारकी साखर दळायला गेली, परत आली तर वाटीत तूपच. त्यात अंडं घरात चालत नाही. २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला, देशात पहिल्यांदाच, तेव्हापासून तर जिजींना अंड्याचं नावही नको. मग दही आणि सोडा. पीठ कालवलं, डबा आत गेला, काचेतून सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं, केक फुगायला लागला आणि... लाइट गेली.

बारकी रडायच्या बेताला. तेव्हा जिजी उठल्या. मागच्या अंगणात चूल आहे, ती पेटवली. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घातली, त्यावर डबा ठेवला, वर लोखंडी झाकण आणि झाकणावर निखारे. "बट्टी भाजतो तशीच भाजायची," एवढंच म्हणाल्या आणि पंखा हलवत बसल्या. अर्ध्या तासाने केक निघाला. मध्ये जरा बसलेला, कडेला करपलेला, आणि गोवरीच्या धुराचा हलका वास. मी दोन तुकडे खाल्ले. खोटं कशाला बोलू, त्यानंतर ओव्हनमधून जे जे निघालं त्यात तो धूर नव्हता, आणि मला तेवढं एक चुकल्यासारखं वाटलं.

त्या केकवरून मला आमची बेकरी आठवली. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या बायकांना आठवेल. मे महिन्यात आई मैदा, पिठीसाखर आणि डालडा वेगवेगळ्या पिशव्यांत बांधायची, वरती दुधाची बाटली, आणि आम्हा भावंडांना रिकामा पत्र्याचा डबा देऊन बेकरीत पाठवायची. बेकरीवाला रात्री पाव भाजायचा. पाव निघाले तरी भट्टी तापलेलीच असते, ती दुपारपर्यंत हळूहळू निवते. त्या निवत्या भट्टीत लोकांची बिस्किटं. म्हणून आमचा नंबर नेहमी भर दुपारी. वजन करून घ्यायचं, डब्यात वडिलांच्या नावाची चिठ्ठी टाकायची आणि ओट्यावर बसून राहायचं. पीठ आपलं, तूप आपलं, अमोनिया मात्र त्याचा. तो किती घालायचा हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. साच्यातून काढलेली फुलं, पानं, बदामाचे आकार ट्रेवर ओळीने बसायचे, लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने आत जायचे, आणि मग तो वास. उपाशी पोराला तो वास म्हणजे छळच. एका वर्षी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि आमच्या घरी कुणाची तरी डालड्याऐवजी साजूक तुपातली बिस्किटं आली. आईला पहिल्या घासात कळलं. तिने डबा परत पाठवला, पण पाठवण्याआधी आम्हाला एकेक खाऊ दिलं. ते घर कुणाचं होतं हे मला आजही माहीत आहे. सांगणार नाही.

हे सगळं मी बारकीला सांगितलं, तर ती म्हणते, "काकू, म्हणजे तुम्ही भाड्याने ओव्हन घ्यायच्या." बरोबरच आहे पोरीचं.

मग आली आखाजी. अक्षय तृतीया म्हणा हवं तर, पण खानदेशात ती आखाजीच. या सणाला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, घागर भरून तिच्यावर डांगर ठेवतात. जिजींच्या दोन्ही लेकी आल्या, एक धुळ्याहून, एक नाशिकहून. बारकीच्या आत्या त्या. घरात तेरा माणसं आणि पुरणपोळी खापरावरचीच हवी. जिजींनी माळ्यावरून खापर काढलं.

आता खापराची पोळी ज्याने पाहिली नाही त्याला मी भिंतीवरून कशी दाखवू? चुलीवर मातीचं खापर उपडं ठेवतात, घुमटासारखं. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ, इतकं सैल आणि इतकं मळलेलं, की ओढलं तर तुटत नाही, हातभर लांबतं. त्यात पुरणाचा मोठा गोळा. लाटणं नाही. पोळी दोन्ही हातांवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत न्यायची, ती आपल्याच वजनाने मोठी होत जाते, आणि पातळ झाली की एका झटक्यात खापरावर टाकायची. जिजींचे हात तेव्हा सत्तरी पार केलेले वाटत नाहीत. बारकी बघत उभी होती. "आजी, हे तर पिझ्झावाले करतात! याला ग्लुटेन म्हणतात!" जिजी म्हणाल्या, "याले हात म्हणतस. ये इकडे."

पहिली पोळी बारकीच्या कोपरावर फाटली आणि पुरण थेट आत्याच्या साडीवर. दुसरी खापरावर पडली, पण अर्धी. तिसरी चुलीत. चौथी जमली, म्हणजे तिला पोळी म्हणता आलं. जिजींनी ती वेगळी काढून आमरसाबरोबर स्वतःच्या ताटात घेतली आणि कुणाला तोडून दिली नाही. धाकट्या आत्याला याचा जरा राग आला. "मी शिकत होते तेव्हा माझ्या फाटलेल्या पोळ्या गाईला घातल्या होत्या," असं ती मला परस्पर म्हणाली. हे मी जिजींना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आत्या आल्या होत्या म्हणून गाडी ठरवून केवडियालाही गेले सगळे, सरदार पटेलांचा पुतळा पाहायला. १८२ मीटर उंच! पोरं खूश, फोटो दीडशे. जिजींना विचारलं, कसा वाटला? तर म्हणाल्या, "पुतळा मोठा शे. मी पाणी दखत होते." त्या लग्नानंतर एकदा मणिबेलीला शूलपाणेश्वराच्या जत्रेला गेल्या होत्या, नदीकाठी. ते देऊळ पुतळ्याजवळच्या धरणाच्या पाण्यात गेलं. आपल्या जिल्ह्यातलं मणिबेली या धरणाखाली आधी बुडालेल्या गावांपैकी. नवं देऊळ बांधलंय म्हणे, गोऱ्याला. जिजी तिथे गेल्या नाहीत. गाडीचा ड्रायव्हर तळोद्याकडच्या पुनर्वसनातल्या गावचा होता. तो गाडीतच बसून राहिला, पुतळ्यापाशी आलाच नाही. बारकीने त्याला घरून नेलेली नानकटाई दिली, दादरच्या पिठाची. आमची खानदेशी दादर ज्वारी हो. ती त्याने खाल्ली आणि आणखी दोन मागून घेतली. तिच्या नानकटाईला आलेली पहिली मागणी ती.

आता येते त्या दारूच्या केकच्या, म्हणजे मोहाच्या, गोष्टीकडे. मला माहीत आहे, तुम्ही त्यासाठीच उभ्या आहात.

केवडियाहून आल्यावर आत्या गेल्या, आणि उरलेल्या माणसांना उकाडा सहन होईना, म्हणून दोन दिवस तोरणमाळ. प्रकाशाला तापीचा पूल, मग शहादा, मग घाट. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, रात्री चादर लागते. यशवंत तलावाकाठी बसा, सीताखाईत डोकावा, बाकी तिथे करण्यासारखं काही नाही, आणि तेच बरं आहे. पण बारकीचं लक्ष भलतीकडे. सातपुड्यात त्या दिवसांत घरोघर दोन गोष्टी वाळत असतात. कैरीच्या फोडी, आमचूरसाठी. आणि मोहाची फुलं, ती मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडतात, वेचून वाळवलेली, मनुकांसारखी तपकिरी. एका म्हातारीने बारकीच्या हातावर चार फुलं ठेवली. गोड! पोरीने तिथेच किलोभर विकत घेतली. आईने विचारलं, पोलीस पकडतील का? बापाने सांगितलं, ते दिवस गेले. २०२१ साली सरकारने मोहफुलं गोळा करण्या-नेण्यावरची बंधनं काढली. आमचूरही घेतला दोन किलो, पण त्याची कुणी बातमी केली नाही.

घरी आल्यावर बारकीने फुलं काठीने बडवली, आतले केसर झटकले, तीनदा धुतली, गूळपाण्यात भिजवून बारीक चिरली. कणकेचा केक, साखर अगदी कमी. मी स्वतः चिरायला मदत केली. दारूचा थेंब नाही, आंबवणं नाही. फूल आंबवून, उकळून वाफ धरल्याशिवाय दारू होत नाही. नुसतं फूल म्हणजे फळच समजा. मात्र वास... वास तोच. गरम केकला तर जास्तच.

गुरुवारी भजनानंतर बारकीने सगळ्यांना एकेक तुकडा वाटला. बायकांनी "खजूर घातलाय का गं?" विचारलं. मास्तरांनी एक खाल्ला, मग आणखी एक. दुपारी त्यांच्याकडे आमरस-पोळी झालेलीच होती. घरी जाऊन आरामखुर्चीत बसले, ते संध्याकाळी सातपर्यंत उठलेच नाहीत. त्यांच्या बाईंनी हलवलं, पाणी शिंपडलं. डोळे उघडले आणि पहिलं वाक्य म्हणे, "त्या केकमध्ये मोहाची होती!" बाईंनी ते अंगणात मोठ्याने सांगितलं, अंगणात दूधवाला होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

"आता मला सांग," जिजी बादलीवरून जरा पुढे झुकल्या, "केकमध्ये मोह आहे, हे बारा बायकांतून एकीलाही कळलं नाही. मास्तरांना वास कसा ओळखता आला?"

मी गप्प. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सातपुड्यात धडगावला होता ना सात वर्षं नोकरीला," जिजी म्हणाल्या आणि सुपारी तोंडात टाकली. "माळ मागून घातली."

यावर आम्ही दोघी किती हसलो हे सांगत नाही. माझे बिबडे त्या दिवशी राहिलेच.

संध्याकाळी मास्तरांची बाई आली, जिजींचा डबा परत करायला. भजनाच्या दिवशी उरलेला केक तिने त्यातूनच नेला होता. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. तिने आत नागलीचे पापड ठेवले होते, कुणाशी काही न बोलता डबा भिंतीवर ठेवला आणि गेली. जिजींनी उघडला. पापडांखाली वहीचा फाडलेला कागद, घडी करून. लाल शाई. मास्तरांचं अक्षर सगळी गल्ली ओळखते.

बारकीने मोठ्याने वाचलं: "१० पैकी ८. कडा करपल्या. मोह अजून थोडा चालेल."